इन्शुलिन पॉडमधले उरलेले बटन सेल : टाकायचे की वापरायचे?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितेय. प्रश्न छोटा आहे, पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय कळणार नाही. जरा लांबण लागेल.

माझ्या मुलाला टाइप 1 मधुमेह आहे, वय 11. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही साडेतीन वर्षं इंग्लंडात होतो. तिथे त्याला बिननळीचा, अंगाला चिकटवायचा इन्शुलिन पंप मिळाला. कोंबडीचं अंडं उभं अर्धं कापलं तर जेवढं होईल तेवढा पांढरा पॉड. दंडावर नाहीतर पोटावर चिकटवायचा. 72 तास चालतो, वर 8 तासांची सवलत देतो आणि 80 व्या तासाला स्वतःहून बंद पडतो. मग काढून फेकायचा, नवीन लावायचा. मार्चमध्ये कायमचे परत आलो तेव्हा उरलेल्या पॉडचा खोका सोबत आणला. तो संपला की पुन्हा इन्शुलिनचं पेन आणि सुया, हे पोराला आधीच सांगून ठेवलंय.

इथे आल्यावर एका रात्री दोन वाजता कपाटातून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. नीट बंद न करता टाकलेला जुना पॉड होता. उशीखाली दाबला, टॉवेलात गुंडाळला, तरी थांबेना. शेवटी सासऱ्यांनी (वीज मंडळातून निवृत्त, हातात स्क्रू ड्रायव्हर असला की खूश) तो उघडला. आत चकचकीत तीन बटन सेल. मीटर लावला तर प्रत्येकी 1.55 व्होल्ट.

"तीन दिवसांत सेल टाकायचा? हे कोणत्या गावचं गणित?" असं म्हणून त्यांनी त्या दिवसापासून पॉड जमवायला सुरुवात केली. तीन दिवसाला एक पॉड म्हणजे वर्षाला 122 आणि प्रत्येकात तीन सेल. म्हणजे दिवसाला एक सेल! इंग्लंडात असताना किती टाकले असतील याचा हिशोब मी केलेला नाही, करणारही नाही.

आता फजिती. काढलेले पन्नासेक सेल सासूबाईंच्या रिकाम्या हिंगाच्या डबीत टाकून ठेवले. डबी स्टीलची. महिन्याने बघितलं तर निम्म्याहून जास्त मेलेले, दोनांच्या कडेला पांढरी बुरशी आल्यासारखं आणि सगळ्यांना हिंगाचा वास.

तर विचारायचं असं की सेलमध्ये किती जीव उरलाय हे कसं ओळखायचं, ते कशाला लावायचे, आणि खरंच मेलेले कुठे टाकायचे? घंटागाडीत टाकायला मन होत नाही.

वसमतची_हळद

आमच्याकडे रिमोटचा सेल आधी तळहातावर आपटतात, मग उन्हात ठेवतात, मग दाताने चावतात आणि मगच तो मेला असं जाहीर करतात. तुमच्या सासऱ्यांना आमच्या घरी कायमचं आमंत्रण.

(बटन सेल मात्र चावू नका हो.)

वाळूजकर

ताई, मी वाळूजला टूलरूममध्ये आहे. तुमच्या धाग्याचा आम्हाला थेट फायदा, कसा ते पुढे सांगतो.

आधी या सेलमध्ये जीव का उरतो ते बघा. अशा पॉडमध्ये मोटर नसते. निटिनॉल म्हणजे निकेल-टायटॅनियमची बारीक तार असते. तिच्यातून करंट गेला की ती तापून आखडते आणि दातेरी चाक एक दाता पुढे ढकलते. एका ढकलण्यात 0.05 युनिट इन्शुलिन. पॉडमध्ये जास्तीत जास्त 200 युनिट मावतात, म्हणजे पूर्ण रिकामा करायला 4000 वेळा ढकलावं लागेल. तेवढा दम सेलमध्ये ठेवावाच लागतो. आता 11 वर्षांच्या मुलाला दिवसाला 20 युनिट धरले तर तीन दिवसांत 60, म्हणजे 1200 ढकलण्या. बाकीचं बरंचसं तसंच पडून. पॉडमधल्या वायरलेस रेडिओलाही थोडं लागतं, तरीसुद्धा. मोठ्या माणसाच्या पॉडमधले सेल तुमच्या पोराच्या पॉडइतके भरलेले निघणार नाहीत.

दुसरं, 1.55 व्होल्ट दाखवतोय यावर जाऊ नका. हे सिल्व्हर ऑक्साइडचे सेल आहेत. यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो आणि संपताना एकदम कड्यावरून पडतो. अर्धा संपलेला आणि नवा दोन्ही मीटरवर सारखेच दिसतात. लोड लावून बघायचं. 100 ओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना धरायचा (साधारण 15 मिलिअँपियर करंट जातो) आणि दोन सेकंदांनी त्याच टोकांवर व्होल्टेज बघायचा. 1.4 च्या वर टिकला तर ठेवा. 1.3 च्या खाली घसरला तर सोडून द्या. मधला असेल तर ज्यात बंद पडला तरी काही बिघडत नाही अशा ठिकाणी लावा. जास्त वेळ धरून ठेवू नका, तपासता तपासताच संपवाल.

आता आमचा स्वार्थ. डिजिटल व्हर्नियरला (बारीक मापं घ्यायचं साधन) याच मापाचा सेल लागतो. बाजारात मिळतो तो LR44, अल्कलाइन. त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो आणि सेलमध्ये बराच जीव असतानाच व्हर्नियरचे आकडे लुकलुकायला लागतात. सिल्व्हर ऑक्साइडवर तसं होत नाही. शिवाय स्वस्तातले व्हर्नियर बटन बंद केलं तरी आतून करंट खातच असतात. 20 मायक्रोअँपियर धरा, सेलमध्ये 100 मिलिअँपियर-अवर उरलेत असं धरा, तर 5000 तास, म्हणजे सहा-सात महिने. शिफ्टमध्ये मधेच व्हर्नियर मेला की सुपरवायझर काय बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

टिकटिक

परभणीत घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचं. चार शब्द माझेही.

गिऱ्हाईक "घड्याळाचा सेल" म्हणतं, पण प्रत्येक मापाला वेगळा नंबर असतो. ताईंच्या सेलचा व्यास 11.6 मिलिमीटर आणि जाडी 5.4 असेल तर ते SR44. काही कंपन्या त्यालाच 357 म्हणतात, कमी करंटच्या प्रकाराला 303. हाच आकार अल्कलाइनमध्ये आला की LR44, AG13, A76, नावं ढीगभर. पाच नंबर विचारत पाच दुकानं फिरणारी माणसं मी रोज बघतो.

तर हा सेल हातातल्या आजच्या घड्याळात बसत नाही, जाड आहे. बहुतेक घड्याळांना 626 लागतो, 6.8 मिलिमीटर व्यास आणि 2.6 जाडी. मागच्याच आठवड्यात एकजण असाच कुठूनतरी काढलेला जाड सेल घेऊन आला, घड्याळात बसवून द्या म्हणायला लागला. म्हटलं भाऊ, बैलगाडीचं चाक सायकलला लावायलास का?

कुठे बसतो ते सांगतो. लेझरच्या किचेनला तीन लागतात. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या सोलरवाल्या कॅल्क्युलेटरमध्ये, fx-991 मध्ये, एक लागतो. लहान मुलांच्या आवाज करणाऱ्या खेळण्यांत लागतात, पण त्यावर डॉक्टर लोक काय म्हणतील ते आधी ऐका.

हिंगाच्या डबीचं : स्टीलच्या डबीत सुटे सेल एकमेकांना चिकटले की एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला लागतो आणि शॉर्ट होऊन रिकामे होतात. मी सेलोटेपच्या पट्टीवर रांगेने, मध्ये बोटभर जागा सोडून, सगळ्यांचं तोंड एका बाजूला ठेवून चिकटवतो. वरून दुसरी पट्टी. लागेल तसं कात्रीने कापायचं, गोळीच्या पाकिटासारखं.

मांजराकाठ

@वाळूजकर, ढकलण्यांचा हिशोब सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी "हां, हे बोलला माणूस" असं म्हणून चहा मागितला. रेझिस्टर गंजगोलाईजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने फुकट दिला.

@टिकटिक, माप बरोबर तेच आहे, स्केलने बघितलं.

परभणीची_ईएनटी

मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. वरचं सगळं वाचून आनंद झाला आणि पोटात गोळाही आला.

घरात लहान मूल आहे का? असेल तर सेलची पट्टी औषधांच्या कुलुपातच हवी. माझ्याकडे पोरं येतात ती गिळून कमी आणि नाकात घालून जास्त. नाकात अडकलेल्या सेलच्या मायनस बाजूला ओलाव्यामुळे क्षार तयार होतो आणि तो मांस जाळत जातो. पालकांना वाटतं सर्दी आहे. एकाच नाकपुडीतून घाण वास येणारं पाणी येतंय आणि तिसरा दिवस आहे, असं म्हणत येतात तोवर मधल्या पडद्याला भोक पडलेलं असतं. असं होऊ शकतं असं नाही, मी पाहिलंय. नाकात किंवा कानात सेल असल्याची शंका असेल तर कोणतेही थेंब टाकू नका, तेल तर नाहीच. थेट या.

गिळला असेल तर उलटी करवू नका. लक्षणं नसली तरी एक्स-रे काढायचाच. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत जखम करू शकतो. त्यात सगळ्यात वाईट 20 मिलिमीटरचा लिथियम सेल, CR2032 म्हणतात तो, कारण तो 3 व्होल्टचा आणि नेमका अडकेल एवढा मोठा. तुमचा 11.6 चा बहुतेक वेळा पोटात उतरून जातो, पण "बहुतेक"वर मी कोणालाही घरी थांबवणार नाही. वर्षापुढच्या मुलाने गिळून 12 तास झाले नसतील तर दवाखान्यात येईपर्यंत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यायला सांगतात, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने जखम थोडी कमी होते. मध आणायला दुकानात जाऊन वेळ घालवायचा नाही, घरात असला तर वाटेत द्यायचा.

आणि हो, "मेलेला" सेल मेलेला नसतो. खेळणं चालत नाही एवढाच व्होल्टेज उतरलेला असतो, मांस जाळायला तो पुरतो.

दुसरी गोष्ट, पॉड उघडताना. नरम कॅन्युला (इन्शुलिन आत सोडणारी बारीक नळी) आत घालणारी सुई घातल्यावर मागे जाते, पण राहते पॉडमध्येच. म्हणजे तुम्ही स्क्रू ड्रायव्हर लावता तेव्हा वापरलेली सुई बोटापासून काही मिलिमीटरवर असते. हातमोजे सुईला अडवत नाहीत. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि हे पण सांगा.

मांजराकाठ

डॉक्टर, हो, धाकटी तीन वर्षांची आहे. पट्टी आता गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या खणात.

सुईचं सासऱ्यांना सांगितलं. आता पॉड आधी पूर्ण बंद करायचा, उलटा करून लाकडी पाटावर टेपने घट्ट बसवायचा, हात स्क्रू ड्रायव्हरच्या मागे, कॅन्युलाच्या बाजूला बोट नाही. सेलच्या बाजूची कड चपट्या टोकाने उचलली की तीन सेल पत्र्याच्या पट्ट्यांवर ओळीत बसलेले दिसतात, ते उचकटून निघतात. उरलेलं इन्शुलिन थेंबथेंब पाटावर पडतं. त्याचा वास माहीत आहे ना? त्यात मेटाक्रेसोल टाकलेलं असतं, ते टिकाव म्हणून. वास दवाखान्याच्या जुन्या फरशीसारखा. पोरगा लांबूनच नाक मुरडून म्हणतो, "आजोबा, माझा वास येतोय."

बाकीचा सगळा पॉड तसाच जाड प्लास्टिकच्या डब्यात जातो.

एक_शंका

आमच्या आजोबांच्या कानातल्या मशीनचा सेल अगदी याच मापाचा दिसतो. पट्टीतले दोन मिळाले तर बरं होईल, महिन्याला सेलवर पैसे जातात. चालेल का?

परभणीची_ईएनटी

माप सारखंच आहे, नजर चांगली आहे तुमची. निळ्या स्टिकरचा 675 नंबर असणार. पण तो झिंक-एअर सेल असतो. हवा आत जायला त्याला बारीक भोकं असतात, स्टिकर काढला की तो चालू होतो. व्होल्टेज 1.4. तो बराच जास्त दिवस चालतो, कारण आतली जागा सगळी जस्ताला मिळते. पॉडच्या सेलला भोकं नाहीत, व्होल्टेज वेगळा आणि जीव अर्धवट. मशीन कधी बंद पडेल सांगता येणार नाही. आजोबा रस्ता ओलांडत असतील तेव्हा पडलं तर? नको.

माझा नियम साधा आहे. ज्या वस्तूवर कोणाचं अंग किंवा जीव अवलंबून आहे तिथे उष्टा सेल लावायचा नाही.

वसमतची_हळद

"उष्टा सेल" हा शब्द आजपासून आमच्या घरात रुजू झाला आहे.

रेशीम_अंबड

सगळे शहरातलेच बोलायलेत म्हणून मी पण लिहितो. आम्ही तुतीवर रेशीम किडे पाळतो, कोष विकायला जालन्याच्या बाजारात जातो. शेडमध्ये तापमान आणि ओल बघायला एक लहान काळा डबीएवढा मीटर मिळतो, त्याला मागून दोन LR44 लागतात. अळ्या लहान असताना 26 ते 28 अंश आणि 80 ते 90 टक्के ओल लागते, मोठ्या झाल्यावर 24-25 अंश आणि 70-75 टक्के. उन्हाळ्यात आमच्याकडे 42 अंश जातंय. गोणपाट भिजवा, कूलर लावा, आणि दर तासाला मीटर बघा, एवढंच काम.

त्या मीटरचा सेल उतरला की आकडे पुसट होतात आणि बेसुमार चुकतात. गेल्या साली 71 टक्के दाखवत होता म्हणून मी निवांत होतो. शेजाऱ्याचा मीटर आणून बघितला तर 52. तोवर शेवटच्या अवस्थेतल्या अळ्या खाणं सोडून बसल्या होत्या. ती बॅच गेली म्हणा. त्यात सेलचा किती दोष आणि मीटरचा किती, मला सांगता येत नाही, पण तेव्हापासून मी तीन मीटर टांगतो आणि तिन्हींचे आकडे जुळतात का बघतो.

तर ताई, दहा-बारा चांगले सेल मिळतील का? एकाच पॉडमधले दोन-दोन जोडीने द्या, म्हणजे दोघांत जीव सारखा असेल. वेगळे जोडले तर बारका आधी संपतो, मग दुसरा त्याला उलटा ढकलतो आणि तो फुटून पाणी सोडतो. माझा एक मीटर असाच गेलाय.

मांजराकाठ

@रेशीम_अंबड, जोडीने देते, नक्की. दीर अंबडला असतात, पुढच्या रविवारी जातील.

काल रात्री बसून 24 सेल तपासले. 17 चांगले, 4 मधले, 3 गेलेले. पोराने वहीत तक्ता केलाय, प्रत्येक पॉड कोणत्या दिवशी लावला होता ते त्याला आठवतं. "हा सहलीच्या वेळचा." "हा चिकन पॉक्स... नाही, हा तापाच्या वेळचा, त्यात इन्शुलिन जास्त लागलं होतं, याचे सेल कमी असणार." खरंच त्या पॉडचे तिन्ही 1.35 च्या आसपास होते. त्याला याचा एवढा आनंद झाला की झोपायला साडेअकरा झाले.

मास्तर_किनवट

मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून न राहवून.

या सेलमध्ये चांदी असते, हे नावातच आहे. सिल्व्हर ऑक्साइड आणि जस्त यांच्यात अभिक्रिया होते, जस्ताचं ऑक्साइड होतं आणि चांदी मोकळी होते. चांदीच्या एका अणूमागे एक इलेक्ट्रॉन. फॅरडेच्या नियमाने एक अँपियर-अवरला 4.02 ग्रॅम चांदी लागते. SR44 ची क्षमता 150 ते 200 मिलिअँपियर-अवर, म्हणजे एका सेलमध्ये 0.6 ते 0.8 ग्रॅम चांदी. पूर्ण संपलेल्या सेलमध्येही तेवढीच, फक्त ऑक्साइडऐवजी धातूच्या रूपात.

वर्षाला 366 सेल म्हणजे चांदी 200 ग्रॅमच्या पुढे. सुनबाईच्या पैंजणाएवढी!

हे वाचून कोणीतरी नायट्रिक आम्ल आणायला निघेल, म्हणून आधीच सांगतो. नका. तपकिरी वाफा फुफ्फुसाला लागतात, त्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस बरा आहे असं वाटत असतं. शिवाय जुन्या बटन सेलमध्ये पाराही असायचा. सराफकट्ट्यावर झारेकरी दुकानासमोरची गटार गाळून सोनं काढतात, ते वर्षानुवर्षं शिकलेलं काम असतं. आपलं ते नव्हे.

शाळेसाठी मात्र सेल चांगले. दोन सेल मालिकेत जोडले की 3.1 व्होल्ट, पांढरा एलईडी पेटतो. एकाच सेलवर पेटवायचा असेल तर फेराइटची (लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेली) छोटी रिंग, तिच्यावर दोन तारांचे वेढे, एक ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर. याला "जूल थीफ" म्हणतात, ऊर्जाचोर. मधल्या गटातले चार सेल यातच लावा. अर्धमेला सेलही दिवस दिवस मिणमिणत राहतो. आठवीच्या पोरांना हे दाखवलं की तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही.

आणि पांढरी बुरशी म्हणालात ती बुरशी नाही. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपून हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतं, त्याचा क्षार. लिंबाच्या फोडीने पुसा, मग हात धुवा. तो सेल परत वापरू नका.

वाळूजकर

मास्तर, पैंजणाचा हिशोब आमच्या टूलरूमच्या फळ्यावर लागलाय.

नवीनच_आलोय

चार्जरला लावून परत भरता येतील का हे?

वाळूजकर

नाही. हे एकदाच वापरायचे सेल. उलटा करंट दिला की आत वायू तयार होतो, बाहेर यायला वाट नसते आणि झाकण उडतं. डोळ्याच्या उंचीवर उडालं तर परभणीच्या डॉक्टरांकडेही उपाय नाही, त्या कान-नाक-घशाच्या.

नांदेडची_आई

धागा आजच दिसला. माझी मुलगी 14 ची, टाइप 1, तिला नळीचा पंप आहे. त्यात पेन्सिल सेल लागतो. निम्मा झाला की पंप "सेल बदला" म्हणून मागे लागतो आणि वापरलेला सेल टाकला तर घेतच नाही. काढलेला सेल आमच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळात वर्षभर चालतो. आमच्या घरात पाच घड्याळं आहेत आणि पाचही पंपाच्या उष्ट्यावर चालतात.

दंडावरच्या 14 दिवसांच्या ग्लुकोज सेन्सरमध्येही असाच एक सिल्व्हर ऑक्साइड सेल असतो. आम्ही एक उघडायचा प्रयत्न केला. सगळं एकजीव चिकटवलेलं, सेल काढता काढता तोच फाटला. तुम्ही त्या फंदात पडू नका.

मांजराकाठ, तुम्हाला एक वेगळं सुचवते. हे सेल इन्शुलिनच्याच कामाला लावा. न उघडलेलं इन्शुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं, पण फ्रीजच्या मागच्या भिंतीला लागलं तर गोठतं, आणि एकदा गोठलेलं कामाचं नाही. लाइट गेली की उलटं. बटन सेलवर चालणारा लांब वायरचा थर्मामीटर मिळतो, वायरचं टोक इन्शुलिनच्या डब्यात आणि आकडे दाराबाहेर. मे महिन्यात आमची लाइट सलग पाच तास गेली होती, तेव्हा त्या आकड्याकडे बघत मी बर्फाच्या पिशव्या बदलत बसले होते.

परभणीची_ईएनटी

हे माझ्या नियमाच्या काठावर आहे. लावा, पण रोज एकदा साध्या पाऱ्याच्या किंवा दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून बघा. अंबडच्या भावाचे 71 टक्के विसरू नका.

मांजराकाठ

@नांदेडची_आई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! आमच्या मधल्या कप्प्यात मागच्या बाजूला आकडा उणे 1 निघाला. मी तिथेच ठेवत होते. डबा आता दाराकडे घेतलाय, तिथे 5 राहतो. मागचे दोन पेन टाकून दिले, जीवावर आलं, पण दिले.

सासऱ्यांनी थर्मामीटरच्या मागे पेनने लिहून ठेवलंय : सेल बसवला तारीख अमुक, पॉड नंबर अमुक. सरकारी माणूस.

टिकटिक

मेलेल्या सेलचं कोणी सांगितलंच नाही. आमच्याकडे वडिलांच्या काळापासून एका प्लास्टिकच्या बरणीत जमवतात. वर्षातून एकदा भंगारवाला येतो, घड्याळाचे सेल किलोवर घेतो, चांदीसाठीच. साधे अल्कलाइन आणि लिथियम वेगळे काढून ठेवायला सांगतो. तो पुढे काय करतो कोणाला ठाऊक, मी विचारलंय तर हसतो.

वाळूजकर

कायद्यात सोय आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम 22 ऑगस्ट 2022 ला आले. बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला द्यायच्या, अशी जबाबदारी त्यात आहे, आणि बटन सेलही त्यात येतात. अडचण ताईंच्या बाबतीत अशी की पॉड त्यांनी स्वतःच्या सामानातून आणलेत. मागे कोणी आयातदारच नाही, मग परत द्यायचे कोणाला? म्हणून टेप लावून जमवा आणि इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रावर द्या. आमच्या कंपनीचा असा कचरा दर तिमाहीला जातो, त्यात तुमची पट्टी टाकायला मला कोणी अडवणार नाही.

परभणीची_ईएनटी

पॉडच्या उरलेल्या सांगाड्याचं माझ्याकडे. सुई असलेला कचरा दवाखान्यात पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात जातो, 2016 च्या नियमांप्रमाणे. घरचा डबा भरला की झाकण टेप करून कोणत्याही दवाखान्यात विचारा, बहुतेक डॉक्टर घेतात. लातुरात कोणी नाही म्हणालं तर मला निरोप पाठवा, ओळखीचे आहेत.

मांजराकाठ

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. खोका संपला.

शेवटचा पॉड गुरुवारी सकाळी निघाला. पोरगा काही बोलला नाही, पाठ करून शाळेचे कपडे घातले. दुपारच्या डब्याआधी शाळेतच पेन घ्यावं लागतं आता, बाईंना सांगितलंय. पहिल्या दिवशी तो बाथरूममध्ये जाऊन घेऊन आला. दुसऱ्या दिवशी म्हणे बाकावरच घेतलं आणि शेजारच्याने विचारलं, दुखतं का? "तुझ्या गणिताच्या पेपरएवढं नाही."

शेवटच्या पॉडचे तीन सेल त्याने स्वतः तपासले. 1.44, 1.43, 1.44. ते त्याला कोणालाच द्यायचे नाहीत. मास्तरांच्या ऊर्जाचोराला लावणार आहे, दिवाळीच्या आकाशकंदिलात. ट्रान्झिस्टरला सोल्डर करताना आजोबांचा अंगठा भाजला तेवढंच.

आता पट्टीवर 41 चांगले उरलेत. @वाळूजकर, तुमचे 20 बाजूला काढून ठेवलेत, मेलेल्यांची पट्टी पण सोबत देईन. बाकीचे कोणाला हवेत?

रेशीम_अंबड

दहा मला. तिन्ही मीटर आता एकच आकडा दाखवायलेत. यंदाची बॅच कोषावर गेली की दिरांच्या हाती तुतीचा मुरंबा पाठवतो, पोराला चालत नसेल तर आजोबांना.

मांजराकाठ

चालतं हो. मोजून, पेनात दोन युनिट वाढवून.